जिंकत आलेला डाव दरवेळी बरोबरीत का सुटतो? एका डावाची चिरफाड आणि उपाय

बुद्धिबळाच्या पटावरची तक्रार नेहमी सारखीच असते. आपण एक-दोन प्याद्यांनी पुढे आहोत, समोरच्याकडे लढायला फारसं काही उरलेलं नाही, बाजूला उभे असलेले लोक "झालं आता" म्हणून दुसऱ्या पटाकडे वळले आहेत. आणि अर्ध्या तासानं पाहावं तर दोघंही कागदावर सह्या करून अर्धा-अर्धा गुण वाटून घेताहेत. घरी गेल्यावर डाव मोबाइलमध्ये टाकला की इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) एका चालीवर लाल खूण करतं. "इथं चुकलं" म्हणून आपण कपाळावर हात मारतो. पुढच्या महिन्यात दुसराच डाव, दुसरीच चाल, आणि निकाल पुन्हा तोच.

वर्धा-अमरावतीच्या सीमेवरच्या आमच्या तालुक्याच्या गावात दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पट मांडले जातात. तिथं हे इतक्या जणांच्या बाबतीत घडतं की त्याला वाईट नशीब म्हणता येत नाही. खाली आमच्याकडचाच एक डाव उलगडून दाखवतो. पट मांडून बसलात तर बरं. उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढरा खालून वर. × म्हणजे मारणं, आकड्यापुढे … असेल तर चाल काळ्याची, ! म्हणजे चांगली चाल, आणि मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.

आधी हे पाहा, तुमचं दुखणं हेच आहे का

वजीर आणि राजा घेऊन एकट्या राजाला स्टेलमेट (शह नाही, पण हलायलाही घर नाही, म्हणून बरोबरी) देणाऱ्या पोरांसाठी हा मजकूर नाही. तिथं उपाय एकच: चाल करण्याआधी समोरच्याला हलायला एखादं घर उरतं का ते बघायचं, आणि तो वजीराचा सराव घरी घटवून घ्यायचा. शेवटची एसटी चुकू नये म्हणून पंचविसाव्या चालीला बरोबरी मागणाऱ्यांसाठीही नाही. अमरावती-अकोल्याच्या एकदिवसीय स्पर्धेत शेवटच्या फेरीच्या बरोबऱ्या किती वेळा एसटीच्या वेळापत्रकानं ठरतात हे जाणकारांना सांगायला नको. तिथं एंडगेम (मोजके मोहरे उरल्यावरचा खेळ) शिकून उपयोग नाही, जाणाऱ्या कारमध्ये जागा शोधावी.

हा मजकूर त्यांच्यासाठी, जे चाळीस चाली चांगल्या खेळतात, आघाडी मिळवतात, घाई करत नाहीत, आणि तरी शेवटी हाती काही उरत नाही.

डाव

पांढऱ्याकडून आमचे कृषी केंद्रवाले काका, काळ्याकडून जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. वेळ एक तास, वर प्रत्येक चालीला १० सेकंद. काकांनी नेहमीची लंडन मांडणी केली: डी४, घोडा एफ३, उंट एफ४. गुरुजींनी शांतपणे कॅसलिंग (राजा-हत्तीची किल्लेबंदी) केलं. पहिल्या वीस चालींत सांगण्यासारखं काही नाही. मग डी५ वरचं प्यादं सोडवताना गुरुजींकडून एक प्यादं गेलं. वजीर उतरले, म्हणजे एकमेकांना मारून पटावरून गेले, हत्ती उतरले, वजिराकडच्या बाजूची प्यादी एकमेकांना खाऊन संपली. त्या मारामारीत काकांनी आणखी एक प्यादं कमावलं. इथवर काकांचा खेळ खरंच पाहण्यासारखा होता. दोन उंट ठेवून दोन घोड्यांना त्यांनी जसं मागे रेटलं, ते आमच्या खोलीत फार कमी जणांना जमतं.

गुरुजींनी ४०व्या चालीला घोडा बी४ वरून डी५ ला आणला. पटावरची स्थिती अशी:

पांढरा: राजा जी२, उंट डी३, उंट ई३, प्यादी जी३ आणि एच३.
काळा: राजा एफ७, घोडे डी५ आणि एफ६. प्यादं एकही नाही.

दोन प्यादी जास्त, दोन उंट, मोकळा पट. घोड्यानं ई३ चा उंट धरला आहे. काका खेळले ४१. राजा एफ३. राजा मध्याकडे येतो, उंटाला आधार मिळतो, दिसायला चाल सुरेखच. ४१…घोडा×ई३ ४२. राजा×ई३. एक उंट गेला, एक घोडा गेला. आता पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि दोन प्यादी, काळ्याकडे एक घोडा.

पुढच्या पंधरा चाली दोघंही सरकत राहिले. काकांनी एच-प्यादं एच४ ला आणलं, राजा एफ४ वर आणला, आणि ५७. जी४ खेळले. गुरुजींचा राजा जी७ वर होता, घोडा ई८ वर. ते खेळले ५७…घोडा एफ६.

पांढरा: राजा एफ४, उंट डी३, प्यादी जी४, एच४.
काळा: राजा जी७, घोडा एफ६.
पांढऱ्याची चाल.

काकांच्या घड्याळात दोनेक मिनिटं उरली होती. घोडा जी४ वर रोखलेला आहे हे त्यांना दिसत होतं, पण तिथं राजाचा आधार आहे, मग काय बिघडतं? ५८. एच५. आणि गुरुजींनी घोडा टाकला: ५८…घोडा×जी४!

काका नंतर म्हणाले, "घोडा फुकट देल्ला म्हणून म्या तर मनातल्या मनात पेढे वाटले." ५९. राजा×जी४, आणि काळा राजा कोपऱ्याकडे. पांढऱ्याकडे अख्खा उंट जास्त, वर एक प्यादं, समोर नागडा राजा. बारा चालींनंतर ७१. एच७ वर काळ्या राजाला हलायला घर उरलं नाही आणि शहही नव्हता. स्टेलमेट.

कारण जुनंच आहे, पण आमच्या खोलीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. एच-प्यादं एच८ वर वजीर होतं. एच८ हे काळं घर. काकांचा उंट पांढऱ्या घरांवरून चालतो, त्यामुळे काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात शिरला की त्याला तिथून हुसकणारं कुणीच नाही. जवळ जाऊन दाबावं तर स्टेलमेट, सोडावं तर तो तिथंच जी८-एच८ करत बसतो. उंट काळ्या घरांचा असता तर याच स्थितीत कोपऱ्यावर शह बसला असता आणि राजाला बाहेर पडावं लागलं असतं. ए-प्याद्याचंही तसंच, फक्त ए८ हे पांढरं घर.

इंजिननं काय सांगितलं

एका पोरानं तिथल्या तिथं लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर डाव टाकला. तिथल्या स्टॉकफिश या इंजिननं ५८व्या चालीवर दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचुकीची खूण दिली आणि ५८. जी५ दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका म्हणाले, "जी५ खेळाले पाह्यजे होतं, बस्स." चहा आला, डाव मिटला.

जी५ बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे बघण्यासारखं आहे. ५८. जी५ नंतर जी-प्याद्यामागे एच४ चं प्यादं आधाराला उभं राहतं. घोड्यानं जी५ खाल्लं तर एच-प्यादं तिरकं जाऊन ते परत घेतं आणि स्वतःच जी-प्यादं होतं. घोड्यानं एच४ खाल्लं तरी जी५ शिल्लक. म्हणजे घोडा कुठंही टाकला तरी जी-प्यादं पटावर राहतं, आणि जी-प्याद्याला उंटाचा रंग आडवा येत नाही. ५८…घोडा एच५ शह दिला तर ५९. राजा जी४; घोडा एफ६ वर परतून पुन्हा शह देईल, पण तो प्याद्यानं मारायचा नाही, नाहीतर एच-प्यादंच उरतं. ५८…घोडा एच७ केला तर उंटानं तो मारावा, दोन जोडीची प्यादी एकट्या राजाला ऐकत नाहीत. ५८…घोडा डी५ शह दिला तर राजा ई५ वर जावा. तिथून पुढे काळजी घ्यावीच लागली असती, पण विजय पांढऱ्याच्या हातात राहिला असता. जी५ सोडून दुसरी कुठलीही चाल केली की घोडा जी४ वर पडतो आणि सगळं संपतं.

पण "जी५ खेळायला हवं होतं" एवढंच लक्षात ठेवून काकांचं काय भलं होणार? ही स्थिती त्यांच्या पटावर पुन्हा येणार नाही. इंजिनची लाल खूण सांगते अर्धा गुण कुठं सांडला. तो निसटायला कधी सुरुवात झाली, ते ती सांगत नाही.

खरी जागा: ४१वी चाल

परत मागे या. राजा जी२, उंट डी३ आणि ई३, समोर घोडे डी५ आणि एफ६, राजा एफ७. इंजिननं ४१. राजा एफ३ वर कसलीच खूण केली नाही. त्याच्या हिशेबात पांढरा आधीही पुढे होता, नंतरही पुढेच राहिला.

माझं म्हणणं असं की डाव इथंच अवघड झाला. पटावर उरलेली दोन प्यादी जी आणि एच. काळ्याला वाचायचं असेल तर एकच वाट: कसंही करून जी-प्यादं संपवायचं आणि एच-प्यादं उरवायचं. ती वाट बंद ठेवायची तर पांढऱ्यानं काळ्या घरांचा उंट जपायला हवा, कारण एच८ काळं आहे. आणि काकांनी नेमका तोच उंट घोड्याच्या तोंडी दिला.

पर्याय होता. ४१. उंट सी४! सी४, डी५, ई६, एफ७ या तिरप्या रेषेत डी५ चा घोडा राजासमोर जखडला जातो, त्यामुळे त्याला ई३ खाताच येत नाही. काळा राजा ई६ वर आला तर ४२. उंट×डी५ शह, घोडा×डी५, ४३. उंट डी२. आता एक उंट, एक घोडा, दोन प्यादी, सगळं तेच, फक्त उंट काळ्या घरांचा. यापुढे गुरुजींनी घोडा जी-प्याद्यावर टाकला असता तर काकांनी खरोखरच पेढे वाटले असते. काळ्या घरांचा उंट नुसता एफ२ वर मागे घेतला असता तरी चाललं असतं, दोन्ही उंट पटावर राहिले असते.

इंजिनला दोन्ही वाटा जवळपास सारख्या, कारण ते चुकत नाही. आपल्यासाठी एक डांबरी रस्ता आहे आणि दुसरा भर पावसाळ्यातला काळ्या मातीचा पांदण रस्ता. नकाशावर दोन्ही एकाच शेतात पोचतात. पांढऱ्या घरांच्या उंटाच्या वाटेवर पंधरा चालींत प्रत्येक वेळी "घोडा जी-प्याद्यावर पडू शकतो का" हे बघत राहायचं, तेही दोन मिनिटांच्या घड्याळावर. काळ्या घरांच्या उंटाच्या वाटेवर ती धास्तीच नाही.

गुरुजींना हे माहीत होतं का? होतं. डाव संपल्यावर त्यांनीच सांगितलं, "बेचाळिसाव्या चालीलाच ठरवलं होतं मी, आता आपल्याले फक्त जी-प्यादं खायचं हाये. घोड्याचं काय करायचं मंग?" दोघं एकाच पटावर वेगवेगळे डाव खेळत होते. काका प्यादी मोजत होते आणि गुरुजी शेवटी कोणतं प्यादं उरेल ते.

म्हणून निदान

क्लबच्या पातळीवर आघाडीचे डाव बरोबरीत सुटतात ते बहुतेक वेळा अदलाबदलीच्या क्षणी. "पुढे असलो की सोंगट्या (राजा आणि प्यादी सोडून बाकीचे मोहरे) उतरवायच्या" हा नियम आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केला आहे. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा: काय उतरवायचं यापेक्षा मागे काय ठेवायचं हे आधी ठरवा.

जगज्जेतेपदाच्या पातळीवरही अदलाबदलीचाच सांधा निसटतो. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा, शेवटचा डाव. डिंग पांढऱ्याकडून एका प्याद्यानं मागे होता, पण हत्ती, उंट आणि सगळी प्यादी एकाच बाजूला असल्यामुळे बरोबरी टिकून होती. ५५व्या चालीला त्यानं हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल पुढे केली. गुकेशनं हत्ती मारले, मग उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल करायला लावली, आणि मागे उरला तो हरलेला प्याद्यांचा एंडगेम. डिंगनं तीन चालींत डाव सोडला. तिथं बरोबरीचा डाव हरला, आमच्याकडे जिंकलेला बरोबरीत गेला. दिशा उलटी, सांधा एकच.

हेच दुखणं इतर वेशांत

याच काकांच्या मागच्या काही बरोबऱ्या आम्ही नंतर काढून बघितल्या. एकीत हत्तींच्या एंडगेममध्ये ए-प्यादं जास्त होतं. त्यांनी आनंदानं हत्तीनं हत्ती मारला आणि राजा-प्यादं विरुद्ध राजा उरलं. ए किंवा एच प्याद्याच्या बाबतीत बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी. कोपऱ्यात नाही पोचला तरी पांढरा राजा ए७ ला प्याद्यापुढे असेल आणि काळा राजा सी७-सी८ करत राहिला तर पांढऱ्या राजाला बाहेर पडता येत नाही, तीही बरोबरीच. कडेचं प्यादं एकटं उरणार असेल तर हत्ती उतरवण्याआधी काळ्या राजाला कोपऱ्यापर्यंत किती चाली लागतात ते बोटावर मोजा.

दुसऱ्या एका डावात उंट विरुद्ध रंगांचे उरले होते. तिथं एका प्याद्याची आघाडी फारशी कामाची नसते, कधी कधी दोन प्यादीही पुरत नाहीत. पटावर हत्ती किंवा वजीर असेपर्यंत विरुद्ध रंगांचे उंट हल्ला करणाऱ्याच्या कामी येतात, ते उतरले की बचाव करणाऱ्याच्या. म्हणून अशा डावात शेवटचा हत्ती उतरवताना हात आखडता घ्यावा.

एका प्याद्याचा एंडगेम हा तिसरा प्रकार. पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६, पांढऱ्याची चाल. ई३ खेळलं की समोरासमोर उभ्या राजांत चाल काळ्यावर येते, त्याला बाजूला सरकावं लागतं आणि पांढरा जिंकतो. आता तेच प्यादं आधीच ई३ वर आहे असं धरा, बाकी सगळं तसंच, चाल पांढऱ्याचीच. बरोबरी. हाताशी राखलेली ती एक चाल आता उरली नाही. आमच्याकडे शंभरात नव्वद जण प्यादं आधी ढकलतात, राजा मागून येतो. राजा पुढे, प्यादं मागे, असं असायला हवं.

मग बरोबरीचा डाव तपासायचा कसा

पहिला अर्धा तास मोबाइल खिशात. दोघं खेळाडू समोरासमोर बसलेले असावेत, एकट्यानं केलेली तपासणी निम्मीच होते, कारण समोरचा कुठं घाबरला आणि कुठं सुटकेचा श्वास सोडला हे इंजिनला माहीत नसतं. गुरुजींचं बेचाळिसाव्या चालीचं वाक्य मोबाइलमधून कधीच आलं नसतं.

डावाच्या चाली लिहिलेल्या कागदावर फक्त अदलाबदलीच्या चालींना गोल करा. साध्या डावात असे दहा-बारा गोल होतात. सुरुवातीचे सोडून द्या. शेवटच्या चार-पाच गोलांपाशी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी बोलून घ्या: हे मारलं नसतं तर काय उरलं असतं, दुसऱ्या सोंगटीनं मारलं असतं तर काय उरलं असतं, आणि समोरच्याला मनातून काय हवं होतं. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. काकांच्या डावात ४१व्या चालीला "गुरुजींना कोणता उंट संपवायचा आहे" एवढं विचारलं असतं तरी उत्तर समोर होतं.

त्यानंतर इंजिन उघडा. तेही लाल खुणा बघायला नाही, आपण काढलेल्या गोलांची उत्तरं पडताळायला. पटावर दोन्ही बाजूंचे मिळून सात किंवा कमी मोहरे उरले, राजे आणि प्यादी धरून, की इंजिनचा अंदाज बाजूला ठेवून टेबलबेस (मोजक्या मोहऱ्यांच्या सगळ्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) बघावा. लीचेसवर तो फुकट आहे आणि सात मोहऱ्यांपर्यंत जिंकतं, हरतं की बरोबरी ते अचूक सांगतो. लक्षात घ्या, ४१व्या चालीला पटावर आठ मोहरे होते. नेमका महत्त्वाचा निर्णय टेबलबेसच्या उंबरठ्याबाहेरचा होता, आणि असं फार वेळा होतं.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे ती स्थिती पुन्हा खेळणं. ४१व्या चालीची मांडणी लावा, पाच-पाच मिनिटांचं घड्याळ, एकदा पांढरं तुमच्याकडे, एकदा समोरच्याकडे. मग उंट सी४ च्या वाटेनं, मग राजा एफ३ च्या वाटेनं. काळ्याकडून घोडा टाकायची संधी शोधत बसलं की पांढऱ्याकडून ती आपोआप दिसायला लागते. हे वाचून येत नाही.

घड्याळ आणि कागद

डाव लिहिलेलाच नसेल तर तपासायचं काय? फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमाप्रमाणे क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आणि चालीमागे ३० सेकंदांची वाढ मिळत नसेल, तर लिहिणं सक्तीचं राहत नाही. बहुतेक जण नेमके तिथंच पेन खाली ठेवतात आणि नेमका तिथूनच डाव निसटतो. काकांचा कागद ४९व्या चालीला संपला होता. गुरुजी मात्र हजेरीपट भरल्यासारखे शेवटपर्यंत लिहीत होते, म्हणून हा डाव इथं सांगता आला. जमत नसेल तर डाव संपल्या संपल्या, हात मिळवल्यावर लगेच, दोघांनी मिळून उरलेल्या चाली आठवून लिहून काढाव्यात. दुसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या आठवत नाहीत.

कागदाचा दुसरा उपयोग बरोबरीच्या दाव्यासाठी. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि चाल तुमची असेल, तर चाल पटावर न करता आधी कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. आधी पटावर चाल करून घड्याळ दाबलं की तो दावा गेला. स्थिती लागोपाठ तीनदा यावी लागते हा गैरसमज आमच्याकडे फार आहे, मधे दुसऱ्या चाली झाल्या तरी चालतं, फक्त चाल त्याच बाजूची हवी आणि दोन्ही बाजूंना उपलब्ध चाली त्याच हव्यात. पाचव्यांदा आली तर दाव्याची गरजच नाही, पंचांनी स्वतःहून बरोबरी द्यायची असते. आघाडीवर असलेल्यानं हे उलट बाजूनं लक्षात ठेवावं. घड्याळ वाचवायला राजा पुढे-मागे नाचवताना मोजत राहा, नाहीतर कागद असलेला समोरचा माणूस तुमचा अर्धा गुण पंचांच्या हातानं घेऊन जाईल.

काळ्याच्या बाजूनं

गुरुजींच्या कागदावरही गोल आहेत, आणि ते तपासायला हवेतच. डी५ चं प्यादं गेलं ती त्यांची चूक होती, बरोबरी मिळाली म्हणून ती पुसली जात नाही. पण मागे पडल्यावर त्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी प्यादी मारली, सोंगट्या शक्य तितक्या ठेवल्या. मागे असलेल्यानं प्यादी उतरवायची आणि पुढे असलेल्यानं सोंगट्या, हा साधा हिशेब. शेवटच्या प्याद्यावर घोडा देऊन टाकणं हे त्याचंच टोक.

हत्तींच्या एंडगेममध्ये बचाव करायची वेळ आली तर एक मांडणी तोंडपाठ हवी. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावानं ती ओळखली जाते. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, आपल्याकडे हत्ती, आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा. आपला हत्ती सहाव्या आडव्या रांगेवर ठेवून पांढऱ्या राजाला तिथं येऊ द्यायचं नाही. पांढऱ्यानं कंटाळून प्यादं सहाव्या रांगेत ढकललं की त्याच क्षणी हत्ती खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पांढऱ्या राजाला लपायला आता प्याद्यापुढची जागा नसते. आमच्याकडे लोक उलट करतात, हत्ती आठव्या रांगेत राजाशेजारी आणून बसवतात आणि हळूहळू गुदमरतात.

बरोबरी म्हणजे काही घडलंच नाही असं समजून कागद फेकू नका, एवढं पोरांना सांगतो. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्यातले कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीतच सुटले होते; निकाल जलद डावांवर लागला.

पुढच्या रविवारी मांडायला एक स्थिती

पांढरा: राजा ई४, उंट एफ३, प्यादी जी३, एच४. काळा: राजा जी७, घोडा एफ५. काळ्याची चाल. घोड्यानं एच४ खाल्लं तर पांढऱ्यानं जी-प्याद्यानं तो घोडा घ्यावा का?

घेतला तर एच-प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट उरतो, काळा राजा कोपऱ्याशेजारी. बरोबरी. नाही घेतला तर जी३ चं एकच प्यादं आणि उंट घोड्याविरुद्ध उरतात, आणि त्या एका प्याद्यावरही घोडा केव्हाही पडू शकतो. म्हणजे प्रश्न घोडा घ्यायचा की नाही हा नाहीच, जी३ आणि एच४ ही प्याद्यांची मांडणी अशा उंटाबरोबर मुळात का केली हा आहे. आता तीच प्यादी एच३ आणि जी४ वर ठेवा, घोडा एच६ ला, आणि घोड्यानं जी४ खाऊन बघा.